साखरेचा कशिदा

माहूर म्हटलं की कुणाच्याही डोळ्यांपुढे आधी गड उभा राहतो. रेणुकामातेचं देऊळ, त्यापलीकडे दत्तशिखर आणि अनसूयाशिखर, नवरात्रातली पायऱ्यांवरची रेटारेटी, आणि घरी परतताना पिशवीत जपून आणलेला तांबूल. विड्याची पानं कुटून केलेला हा प्रसाद ज्यांनी एकदा चाखला त्यांना तो विसरता येत नाही. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक पूर्ण पीठ असलेल्या या गावाच्या निमित्ताने केकवरच्या जाळीदार नक्षीविषयी लिहायचं म्हणजे काही वाचकांना ही चेष्टाच वाटेल. पण गडाखाली गाव आहे, गावात घरं आहेत, घरांत लेकरं आहेत, आणि लेकरांचे वाढदिवस आता केकवाचून होत नाहीत. केक नांदेडहून मागवायचा तर शंभर किलोमीटरहून अधिक रस्ता. एप्रिल-मे महिन्यात त्या रस्त्याने क्रीमचा केक आणून पाहिलेला माणूस दुसऱ्यांदा त्या फंदात पडत नाही. एवढ्या प्रवासात वरचं गुलाबाचं फूल आणि खालची 'हॅपी बर्थडे' ही अक्षरं एकजीव झालेली असतात.

म्हणून लहान गावांतून घरच्या घरी केक करणाऱ्या बायका गेल्या काही वर्षांत उभ्या राहिल्या. लॉकडाऊनच्या काळात, २०२० साली, त्यांची संख्या एकदम वाढली. बहुतेक जणी ठरावीक केक करतात: वर क्रीम, कडेने शंख-शिंपल्यांची वेलबुट्टी, मध्ये नाव. त्यात वाईट काही नाही. पण त्यांतल्याच एखादीच्या हाताला वेगळं वळण असतं. माहूरमध्ये मी ज्या घरात हे काम बसून पाहिलं, तिथली सून लग्नाआधी मेंदी काढायची. मेंदीचा कोन आणि आयसिंगचा कोन यांत फरक किती? कागद गुंडाळायचा, टोक कापायचं, अंगठ्याने दाबायचं. अंगठ्याचा दाब आणि हाताचा वेग यांचा मेळ बसला की रेघ एकसारखी येते. दाब वाढला तर गाठ पडते, वेग वाढला तर रेघ तुटते. हे गणित तिला कुणी नव्याने शिकवावं लागलं नाही. ती म्हणाली, "मॅडम, मेंदीत हात हलला तर पान मोठं करून झाकता येतंय. इथं झाकायला काहीच नाही. आरपार दिसतंय सगळं."

आरपार दिसतं, हेच या कामाचं मर्म. लेस म्हणजे भोकांची कला. सुताने भोकांना कुंपण घालायचं, बस. तेच सुताऐवजी साखरेने करायचं.

यासाठी जे आयसिंग लागतं त्याला 'रॉयल आयसिंग' म्हणतात. बारीक दळलेली साखर, अंड्याचा पांढरा बलक आणि लिंबाच्या रसाचे दोन-चार थेंब, एवढंच. सगळं घोटून घोटून असं करायचं की उलथणं वर काढलं तर टोक उभं राहावं आणि शेंड्याशी किंचित वाकावं. हे मिश्रण वाळलं की खडूसारखं टणक होतं. साधं क्रीम कधी वाळत नाही, म्हणून त्याची जाळी होऊ शकत नाही. रॉयल आयसिंगची रेघ मात्र शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक काढता येते आणि वाळल्यावर ती स्वतःच्या बळावर उभी राहते. अर्थात नखरेही तितकेच. भांड्याला तुपातेलाचं बोट लागलेलं असेल तर फेस बसतो. साखरेत एक जरी खडा राहिला तरी नळीच्या तोंडाशी अडकतो, म्हणून साखर तलम कापडातून चाळून घ्यावी लागते. आपल्या आज्या मैदा वस्त्रगाळ करायच्या, तसंच. मिश्रणावर सतत ओलं फडकं झाकून ठेवायचं, नाहीतर वरती पापुद्रा धरतो आणि पुढचं सगळं काम कचकचीत होतं.

आता लेस कशी करतात ते पाहा. कागदावर पेन्सिलीने नमुना काढायचा. बोटाच्या पेराएवढा छोटा पंखा समजा, किंवा कुयरी. त्यावर मेणकागद किंवा प्लॅस्टिकचा पातळ कागद ठेवायचा आणि खालचा नमुना दिसेल तशी वरून आयसिंगची रेघ फिरवायची. एक झाला की खालचा कागद सरकवायचा, दुसरा काढायचा. असे शंभर-सव्वाशे तुकडे. रात्रभर वाळू द्यायचे. सकाळी पातळ सुरी खालून सरकवून एकेक उचलायचा. यात काही तुटणारच, म्हणून हव्या असतील त्याहून पंधरा-वीस जास्त करून ठेवायचे. मग केकच्या कडेला आयसिंगचा एक थेंब, त्यावर एक तुकडा, किंचित तिरपा. पुन्हा एक थेंब, एक तुकडा. पूर्ण फेरा झाला की केकने झालर ल्याल्यासारखी दिसते. हे काम चालू असताना पंखा लावायचा नाही, दार धाडकन लावायचं नाही, लहान पोरांना आत सोडायचं नाही. माहूरच्या त्या घरात स्वयंपाकघराच्या दाराला बाहेरून खुर्ची लावून ठेवलेली होती. खुर्चीवर सासूबाई बसल्या होत्या, जपमाळ घेऊन. पहारा आणि जप दोन्ही एकदम चालू होतं.

भरतकामाचा प्रकार याहून वेगळा. त्याला ब्रशचा कशिदा म्हणता येईल. केकवर आधी पाकळीची बाहेरची रेघ काढायची. ती ओली आहे तोवर चपटा, जेमतेम ओलसर ब्रश तिच्यावर टेकवून रेघ आतल्या बाजूला ओढायची. बाहेर जाड, आत विरळ. सॅटिनच्या टाक्याने भरलेली पाकळी दिसते तशीच हुबेहूब ही दिसते. मागच्या पाकळ्या आधी, पुढच्या नंतर. एका वेळी एकच पाकळी, कारण दुसरी रेघ काढून ठेवली तर ती वाळून जाते. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तर डोळ्याची पापणी लवेपर्यंत वाळते. हीच कोरडी हवा लेसला मात्र मानवते. पावसाळ्यात सगळा उलटा न्याय. आषाढ-श्रावणात साखर हवेतलं पाणी पिते, लेस मऊ पडते आणि मान टाकते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या केकला बाहेर काढल्यावर घाम येतो, त्यानेही ती विरघळते. ओल्या क्रीमवर तर ती लावायचीच नाही. म्हणून वाळलेल्या लेसचे तुकडे कापूस घातलेल्या डब्यात घेऊन गिऱ्हाइकाच्या घरी जायचं आणि केक कापायच्या थोडं आधी तिथेच बसून लावायचे.

आणि मग काय होतं? हल्ली केक खाण्याआधी तो वाढदिवसवाल्याच्या तोंडाला फासतात. सहा तासांचं काम कपाळाला आणि कानाला. त्याहून पुढचे वीर तलवारीने केक कापतात, चित्रफीत काढतात, आणि मग पोलीस ठाण्यात जाऊन बसतात. अशा बातम्या आपल्या महाराष्ट्रात आता नवीन राहिलेल्या नाहीत. तलवारीखाली लेसचं काय होत असेल, हा प्रश्न कुठल्याच बातमीत येत नाही. असो.

ही कला आली कुठून? केकवर साखरेचा थर देणं युरोपात जुनंच. पण तिला राजमान्यता मिळाली ती व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात. १० फेब्रुवारी १८४० रोजी झालेल्या त्या लग्नातला केक जवळजवळ तीनशे पौंड वजनाचा आणि तीन यार्ड घेराचा होता, आणि तो पांढऱ्याशुभ्र साखरेने मढवलेला होता. 'रॉयल' हे नाव त्याच्याशी जोडलं जातं. त्याच लग्नाची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. राणीने आपल्या पोशाखासाठी डेव्हन परगण्यातली हाताने विणलेली होनिटन लेस निवडली. तो शौक नव्हता, त्यामागे हिशेब होता. जॉन हीथकोट नावाच्या माणसाने १८०९ च्या सुमारास जाळीचं कापड विणणारं यंत्र काढलं होतं आणि हाताने लेस विणणाऱ्या बायकांचा धंदा बसत चालला होता. १८१६ साली लफबरो इथला त्याचा कारखाना यंत्रफोड्या कामगारांनी फोडला, तेव्हा हा गृहस्थ आपलं बिऱ्हाड घेऊन गेला कुठे, तर नेमका डेव्हनमध्येच! राणीच्या त्या एका मागणीमुळे बीअर नावाच्या खेड्यातल्या दोनशेहून अधिक बायकांना काम मिळालं. तेव्हापासून लग्नाचा पांढरा पोशाख, त्यावरची लेस आणि शेजारी त्याच लेसचा साखरी अवतार ल्यालेला केक, हे त्रिकूट जमलं ते जमलंच.

पुढे या कामाची घराणी झाली. जोसेफ लॅम्बेथ या कारागिराने १९३४ साली ग्रंथच लिहिला. रेघेवर रेघ चढवून उठाव आणायची त्याची रीत आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. ऑस्ट्रेलियात कडेपासून बाहेर पूल बांधल्यासारखी साखर रचून त्यावर वरून सरळ, केसासारख्या धारा सोडण्याची पद्धत निघाली. 'कॉर्नेली' नावाच्या वळणावळणाच्या नक्षीला भरतकामाच्या यंत्राचं नाव मिळालं. तिच्यात रेघ कुठेही स्वतःला छेदत नाही, आणि कुठून सुरू झाली कुठे संपली हे पाहणाऱ्याला कळू नये अशी अट असते. ठिपक्यांभोवती फिरणारी आपली एकरेघी रांगोळी आठवते ना? चुलत बहिणीच त्या.

आपल्याकडे या वाटेने सर्वांत लांब गेल्या त्या पुण्याच्या प्राची धबल देब. इंग्लंडमध्ये राजघराण्यासाठी केक सजवलेले एडी स्पेन्स यांच्याकडे त्या रॉयल आयसिंग शिकल्या. भारतात आल्यावर अडचण उभी राहिली ती अंड्याची. त्यांनी अंड्याविना चालणारं रॉयल आयसिंग तयार करवून घेतलं आणि त्यातून मिलानच्या कॅथीड्रलची सुमारे १०० किलो वजनाची प्रतिकृती उभी केली. सुट्टे सुट्टे दीड हजाराच्या आसपास तुकडे करून ते जोडलेले. लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने त्याची नोंद घेतली. साड्यांच्या काठांवरची, दागिन्यांवरची नक्षीही त्यांनी साखरेत उतरवली आहे. त्यांच्या कामाची छायाचित्रं पाहताना आधी वाटतं की हे कापड आहे. मग खाली लिहिलेलं वाचून आपण पुन्हा निरखून बघतो.

अंड्याची ही अडचण माहुरात तर पहिल्या पायरीवरच येते. देवीच्या गावात बिनअंड्याचाच केक खपतो. बाकी केकचं ठीक, दह्यादुधात भागतं. पण रॉयल आयसिंगचा सारा जीव बलकात. यावर जो एक उपाय निघाला तो ऐकून मला हसूच आलं. २०१४ साली जोएल रोसेल नावाच्या फ्रेंच माणसाच्या ध्यानात आलं की कडधान्य शिजवलेलं पाणी घुसळलं तर अंड्याच्या बलकासारखा फेस होतो. पुढे छोल्यांच्या पाण्यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्याला पुढच्या वर्षी 'अक्वाफाबा' असं भारदस्त लॅटिन नाव मिळालं आणि जगभर गाजावाजा झाला. आता हरभऱ्याचं पाणी म्हणजे आपल्याला काय अप्रूप! पुरणाची डाळ शिजली की जो कट उरतो त्याची आमटी करून आपण पिढ्यान् पिढ्या भुरके मारत आलो. फक्त तो रवीने घुसळून पाहायचं कुणाला सुचलं नाही. माहूरच्या त्या घरात छोल्यांच्या पाण्याचा फेस पाहून सासूबाई म्हणाल्या, "कटच की हा. देवीला पुरण चालतंय, मग ह्याला काय झालंय?" झालं, धर्मसंकट दोन वाक्यांत मिटलं. तयार पूडही आता बाजारात मिळते, ती महाग पडते इतकंच.

आपल्याकडे साखरेची अशी कलाकुसर नव्हतीच, असं मात्र कुणी समजू नये. हलव्याचे दागिने काय आहेत मग? खसखस, तीळ किंवा साबुदाण्याचा दाणा परातीत घ्यायचा, मंद आच द्यायची, चमच्याने पाकाचे थेंब सोडायचे आणि उघड्या हाताने हलवत राहायचं. दिवसचे दिवस. थंडी पडलेली हवी, तरच त्या दाण्यावर काटा येतो. तो काटेरी हलवा दोऱ्यात गुंफून मंगळसूत्र, बाजूबंद, नथ, मुकुट. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसून नवी सून तो साज चढवते, आणि लहान बाळाला बोरन्हाणात मुकुट-बासरीसकट कृष्ण करतात. साखर अंगावर ल्यायची ही कल्पना काव्याहून कमी नाही. गुढीला घालायच्या गाठी त्याच कुळातल्या. आणि करंजीची मुरड! ज्या बाईच्या हातची मुरड एकसारखी, दोरखंडाच्या पिळासारखी यायची तिचं कौतुक साऱ्या गल्लीत व्हायचं. ज्यांना मुरड जमत नसे त्या कातण्याने कड कापून मोकळ्या होत.

रुखवताचं टेबल ज्यांनी पाहिलंय त्यांना माझं म्हणणं चटकन कळेल. एका बाजूला नवरीने भरलेले टेबलक्लॉथ, क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण. दुसऱ्या बाजूला चिरोटे, अनारसे, करंज्या, रंगीत रव्याचे आणि साखरेचे नमुने. 'मुलीला भरतकाम येतं' आणि 'मुलीला स्वयंपाक येतो' अशा दोन प्रमाणपत्रांचं ते प्रदर्शन असायचं. केकवरच्या लेसमध्ये ही दोन्ही प्रमाणपत्रं एकाच कागदावर आली आहेत, एवढाच काय तो बदल.

क्रोशाचे रुमाल म्हटल्यावर आईची आठवण येणारच. आमच्या घरात रेडिओवर एक, पाण्याच्या तांब्यावर एक, आणि पुढे टीव्ही आल्यावर टीव्हीवर एक. दुपारी चहाआधीच्या तासात आई विणायची. त्या तासाला घरात कुणी 'काम' म्हणत नव्हतं. 'बसलीय विणत,' असंच म्हणायचे. बसलीय.

हा शब्द मला बँकेत गेल्यावर वारंवार भेटला. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या शाखांमधून माझी बरीच वर्षं गेली. शिवणयंत्र, पापड, शेवया, मसाले यांच्यासाठी बायका कर्ज मागायला यायच्या. अर्जात एक रकाना असे: 'व्यवसाय'. तिथे बहुतेकींचं उत्तर ठरलेलं, 'घरकाम' किंवा 'गृहिणी'. दिवसाला चार किलो पापड लाटणारी गृहिणी, लग्नसराईत रोज सहा ब्लाउज शिवणारी गृहिणी. अर्जासोबत धंद्याचा अंदाजपत्रकी कागद जोडावा लागे. कच्चा माल इतका, वीज इतकी, वाहतूक इतकी. पुढे 'मजुरी' असा रकाना. त्यात असंख्य कागदांवर मी एकच शब्द वाचला आहे: 'घरचीच'. म्हणजे शून्य.

मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंचं 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक १९८२ साली प्रसिद्ध झालं. आंध्रातल्या पश्चिम गोदावरीच्या मुलखात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली. पुढे ती लेस परदेशी जाऊ लागली, निर्यातदारांचे इमले उभे राहिले. आणि विणणाऱ्या हजारो बायकांची नोंद मात्र 'रिकाम्या वेळात विणणाऱ्या गृहिणी' अशीच राहिली. त्यांच्या हातात पडणारे पैसे शेतमजुरीच्याही खाली. रिकामा वेळ म्हटला की त्याची किंमत लावायचं कारणच उरत नाही. मीसबाईंनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. मला ते पुस्तक पुष्कळ उशिरा मिळालं. वाचताना सारखा तो 'घरचीच' शब्द डोळ्यांसमोर येत होता.

आता माहूरच्या केकचा हिशेब मांडू. जुनी खोड आहे, जात नाही. समजा, एक किलोचा साधा केक सहाशे रुपयांना जातो. त्यावर लेसचे एकशेवीस तुकडे. एकाला दीड मिनिट धरलं तर तीन तास. ते लावायला एक तास. वरच्या फुलांचा ब्रशचा कशिदा दोन तास. झाले सहा तास. यात तुटलेले तुकडे, वाळायची वाट आणि गिऱ्हाइकाच्या घरी जाणं-येणं मोजलेलं नाही. साखर लागली ती मूठभर. गिऱ्हाईक मूठभर साखरेकडे बघतं आणि म्हणतं, "साखरच तर आहे, पन्नास रुपये वाढवा फार तर." पन्नास रुपयांना सहा तास. साध्यात साधं मोलकामही तासाला आठ रुपये तेहेतीस पैशांनी कुणी करत नाही. तासाला साठ रुपये धरले, आणि ते मी कमीच धरतेय, तरी तीनशे साठ होतात. म्हणजे केक नऊशे साठचा. एवढं सांगायला तोंड उघडावं लागतं, आणि गावात सगळेच कुणाचे ना कुणाचे पाहुणे. भाचीच्या वाढदिवसाला मावशीकडून मजुरी कशी मागायची?

त्यात आता यंत्राचा दुसरा फेरा आला आहे. सिलिकॉनच्या चटया मिळतात. त्यांवर लेसचे खाचे कोरलेलेच असतात. तयार मिश्रण सुरीने पसरायचं, वाळवायचं, सोलून काढायचं. हातभर लेस एका झटक्यात, तीही न तुटणारी, कापडासारखी वाकणारी. दिसायला छान दिसते, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्या बाईला दिवसात पाच केक करायचे आहेत तिने ती वापरू नये असं मी कशी म्हणू? हातानेच करा म्हणून दुसऱ्याला सांगणं सोपं असतं. सांगणाऱ्याचा अंगठा दुखत नाही. पण चटईतली लेस आणि हातची लेस एकाच भावात मोजली जाते, तेव्हा हातची मरते. शिवाय चटईतली नक्षी ज्याने खाचे पाडले त्याची. माहूरच्या केकवर आणि मेलबर्नच्या केकवर तोच गुलाब.

याच संदर्भात मला तिथल्या तांड्यांची आठवण होते. माहूर-किनवट हा बंजारा वस्तीचा मुलूख. जुन्या बायकांच्या फेटिया-कांचळीवरचं भरतकाम ज्यांनी जवळून पाहिलंय त्यांना होनिटनचं कौतुक सांगायची गरज नाही. गडद तांबडा, पिवळा, निळा. आरसे, कवड्या, नाणी. चौकटींत बसवलेले त्रिकोण आणि चौकोन. कर्नाटकात संडूरच्या लमाणी भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आमच्याकडे ते पेटीत पडून आहे किंवा लग्नात नाचायच्या पोशाखापुरतं उरलं आहे. केकवर ते उतरेल का, असं मी त्या मुलीला विचारलं. तिने लगेच उत्तर दिलं नाही. पेन्सिल घेऊन चौकटीच्या वहीत रेघा मारत बसली. मग म्हणाली की पांढऱ्यावर पांढरं काढताना चुकलेलं थोडं लपतं, रंगात लपणार नाही. आणि आरशाच्या जागी काय लावायचं? चमकीची पूड लावायला ती तयार नव्हती. बाजारात 'फक्त शोभेसाठी' असं बारीक अक्षरांत छापलेल्या चमक्या मिळतात आणि त्या सर्रास केकवर पडतात. पोरं त्या खातात. तिचा हा आग्रह मला फार आवडला. शेवटी साखर वितळवून पातळ गोल चकत्या पाडायच्या आणि मागून चांदीचा वर्ख लावायचा, असं ठरलं. कवड्या आयसिंगच्याच, मधली फट सुईने पाडलेली.

पहिला प्रयत्न शेजारच्या तांड्यावरच्या एका मुलीच्या साखरपुड्यासाठी झाला. मुलीची आजी काठी टेकत आली, केकभोवती एक फेरी मारली आणि एका कोपऱ्यावर बोट रोखून म्हणाली, इथे टाका उलटा पडलाय. खरंच पडला होता! तिने तो नमुना पंधरा-सोळाव्या वर्षी स्वतःच्या ओढणीवर भरलेला. सुनेने तिथल्या तिथे सुईच्या टोकाने तेवढा तुकडा काढला आणि आजीच्या देखरेखीखाली नवा भरला. केक कापायला त्यामुळे अर्धा तास उशीर झाला. पोरं कुरकुरली. कापताना कुणीतरी म्हणालं, मधला चौकोन राहू द्या. तो तसाच ताटात काढून ठेवला.

त्या केकचं बिल मी मागून पाहिलं. वहीच्या पानावर लिहिलेलं होतं. केक, दीड किलो, नऊशे. त्याखाली दुसरी ओळ: हातकाम, नऊ तास, पाचशे चाळीस. मुलीच्या बापाने दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून हे काय म्हणून विचारलं. उत्तर आजीनेच दिलं, गोरमाटीत. मला शब्द कळले नाहीत. बापाने खिशातून आणखी नोटा काढल्या.